कमांडर, परवानगी!

आमच्या मोशीच्या सोसायटीला चार इमारती, एक चालू लिफ्ट, एक बंद लिफ्ट आणि एक कमांडर आहे. कमांडरांचं नाव ज्योतीराम सोळुंके. मूळ गाव लातूरकडचं, उंची बेताची आणि मिशी उंचीला अजिबात न शोभणारी. सकाळी कंपनीची बस पकडायला ते निघाले की वाटतं, ही बस चाकणला नाही, थेट चंद्रावर चालली आहे आणि हे चढल्याशिवाय उड्डाण होणार नाही. बसथांब्यावर बाकीची मंडळी मोबाइलमध्ये माना घालून इकडेतिकडे पांगलेली असतात. सोळुंके सर मात्र रांगेत उभे असतात. एकट्या माणसाचीही रांग होऊ शकते, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

रविवारी सोसायटीच्या झोपाळ्यावर ते पोरांना क्रमाने सोडतात. प्रत्येकाने आपला नंबर खणखणीत आवाजात सांगायचा, मगच बसायचं. पोरं हे आनंदाने करतात. आयांनाही हायसं वाटतं. एकदा त्यांच्या पत्नी वर्षालीताई गॅलरीतून ओरडल्या, "अहो, घरातला गॅस सिलिंडर पण रांगेत उभा आहे, तेवढा जोडून द्या!" तेव्हा कमांडर खाली मान घालून वर गेले. हुकूम देणाऱ्याला हुकूम घेताही आला पाहिजे, असं ते म्हणतात. त्याचा सराव त्यांना घरी भरपूर मिळतो.

चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या सीटचे लोखंडी सांगाडे तयार होतात. तिथे नव्या पोरापोरींना शिकवण्याचं काम सरांकडे आहे. लाईनवर पाठवण्याआधी नव्या माणसाला एका खोलीत बसवून घासूनपुसून घेतात. त्या खोलीला डोजो म्हणतात. शब्द जपानचा, खोली पत्र्याची, आणि उन्हाळ्यात आत शिकणारा आणि शिकवणारा दोघंही सारखेच भाजून निघतात.

पण सरांचं खरं वेड विज्ञानकथांचं. आयटीआयला असताना ते लातूरच्या रद्दीवाल्याकडून अशी पुस्तकं किलोवर आणत. परग्रह, यंत्रमानव, काळातून मागेपुढे उड्या मारणारे शास्त्रज्ञ हे सगळं ठीक. त्यांना भुरळ पडली ती त्या कथांमधल्या शाळांची. अंतराळयानावरची प्रशिक्षण विद्यालयं! ताठ गणवेशातले विद्यार्थी, काळ्या काचेबाहेर फिरणारा एखादा ग्रह आणि समोर कडक कमांडर.

"बघा राव," ते मला एकदा गच्चीवर म्हणाले, "चारशे वर्षं पुढची पोरं. डोक्यात संगणक बसवलेला, जेवण गोळीतून, गाडी आकाशातून. पण सकाळी उठून रांगेत! त्या शाळेत पालकसभा न्हाई, गॅदरिंग न्हाई, 'सर, पाणी पिऊन येऊ?' न्हाई. माणूस प्रकाशाच्या वेगानं उडायला लागला तरी शिस्त सुटंना. मग आपण तर चाकणच्या ट्रॅफिकमधले लोक."

मी म्हटलं, "पण सर, त्या सगळ्या गोष्टींत शेवटी हुकूम मोडणारं पोरगंच जग वाचवतं की."

त्यांचे डोळे असे चमकले की मला त्यांच्या मिशीचीही काळजी वाटली. "तीच तर गंमत हाय! ज्याला हुकूम पाळता येतो त्यालाच तो कधी मोडायचा हे कळतं. समदी शाळा त्या एका क्षणासाठी असती."

हे वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकून सोडून दिलं. सरांना मात्र ते पुढे फार महाग पडलं, कारण ते त्यांनी स्वतः बोललेलं होतं आणि त्यांना ते आठवत होतं.

डोजोमध्ये नवी पोरं झोपायची. पहिल्या शिफ्टला पहाटे उठून आलेली, वरून पत्रा तापलेला आणि समोर सुरक्षेच्या नियमांचा पडदा. माणूस झोपणार नाही तर काय करणार? तेव्हा सरांनी एक यान सोडलं. यानाचं नाव 'ध्रुव'. हे यान म्हणजे एक उडती शाळा. डोजोतली बाकं म्हणजे यानातल्या जागा, पोरं म्हणजे छात्र आणि सर म्हणजे अर्थातच कमांडर. हेल्मेट नीट का घालायचं, तर बाहेर उल्कांचा वर्षाव आहे. बाही का गुंडाळायची, तर यानाच्या इंजिनाला सैल कापड आवडत नाही. रोज थोडी गोष्ट आणि थोडा नियम. पोरं जागी राहायला लागली. नुसती जागी नाही, दुपारी कँटीनमध्ये भाकरी मोडता मोडता विचारायला लागली, "सर, उद्या रेवाचं काय होणार?"

रेवा ही ध्रुव यानावरची सगळ्यांत लहान छात्र. गोष्टीच्या शेवटी तिला इंजिनातून एक वेगळीच थरथर जाणवते. कमांडर विश्रांती घेत असतात. त्यांना उठवायला वेळ नाही. रेवा सरळ इंजिन बंद करते. सगळं यान अंधारात. छात्र घाबरतात, कमांडर संतापून धावत येतात आणि बघतात तर इंजिनाला तडा गेलेला असतो. आणखी थोडा उशीर झाला असता तर यानाचा चुराडा. मग कमांडर स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून रेवाच्या डोक्यावर ठेवतात.

हा शेवट सांगताना सर आपली कंपनीची पिवळी टोपी खरोखर काढून समोरच्या एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवत. टोपी निघताच त्यांचं टक्कल चमकायचं आणि पोरं टाळ्या वाजवायची. टाळ्या टक्कलासाठी होत्या की रेवासाठी, हे सरांनी कधी विचारलं नाही.

गोष्टीचा मतलब साधा होता. लाईनवर प्रत्येकाच्या डोक्याशी एक पिवळी दोरी लोंबत असते. काही चुकतंय असं वाटलं की ती ओढायची. घंटा वाजते, लाईन थांबते, लाईन लीडर धावत येतो. दोरी कुणीही ओढावी, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. पण भिंतीवरचं लिहिणं वेगळं आणि लाईन लीडरच्या चेहऱ्यावरचं वेगळं. नवा माणूस चेहरा आधी वाचतो. सरांची पोरं मात्र रेवा ऐकून आलेली होती. ती खुशाल दोरी ओढायला लागली.

मग एके दिवशी एचआरचे धनेश डोजोमध्ये आले. धनेश म्हणजे कायम इस्त्रीतून नुकताच बाहेर काढलेला माणूस. वाईट कुणाचं चिंतत नाही, फक्त सगळ्यांचं भलं तक्त्यात मोजतो.

"सोळुंके सर, तुमची गोष्ट एक नंबर आहे. सगळीकडे चर्चा आहे," ते म्हणाले. "फक्त तो शेवट जरा बघा ना."

"शेवटाला काय झालं?"

"अहो, पोरं उठसूट दोरी ओढतायत. परवा एकाने शिंक येतेय म्हणून लाईन थांबवली. दर वेळी वर उत्तर मला द्यावं लागतं. त्या रेवाला जरा, म्हणजे बघा, आधी विचारायला सांगा की. परवानगी घेऊन थांबव म्हणावं. शिस्तीचीच तर गोष्ट आहे."

"पण मग गोष्टच ऱ्हात न्हाई, साहेब."

"तुम्ही कलाकार माणूस, तुम्हाला जमेल." धनेशनी वर पाहिलं. "आणि ते ताऱ्यांचं छत म्हणत होतात ना तुम्ही? काळा पडदा, बारीक दिवे? त्याचं मी मंजूर करून घेतो."

ताऱ्यांचं छत हे सरांचं जुनं स्वप्न होतं. त्याचं चित्र त्यांनी स्वतः काढून दोनदा वर पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा ते कँटीनच्या नव्या टेबलांच्या फाइलीत बसून राहिलं होतं. त्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर सरांनी रेवाचा नवा शेवट लिहिला. वर्षालीताईंनी विचारलं, "काय लिहिताय एवढं?" सर म्हणाले, "काही न्हाई, जरा दुरुस्ती."

नव्या शेवटात रेवा कुणाला न विचारता इंजिन बंद करते. इंजिन ठणठणीत असतं. पण ते बंद पडल्यामुळे यान वाट चुकतं आणि सगळे छात्र महिनोन्महिने अंधारात भरकटत राहतात. कमांडर दरबार भरवतात. रेवाला एका ओसाड लघुग्रहावर उतरवून देतात. दयाळू म्हणून सरांनी तिच्याबरोबर पाण्याची एक बाटली आणि नियमांचं पुस्तक दिलं होतं. आणि यान निघताना कमांडर उरलेल्या छात्रांना म्हणतात, "संकट आलं की डावा हात वर, बोटं जुळलेली आणि आवाज खणखणीत: कमांडर, परवानगी!"

पोरांना हे फारच आवडलं. माणसाला शिक्षेची गोष्ट बक्षिसाच्या गोष्टीपेक्षा जास्त लक्षात राहते, विशेषतः शिक्षा दुसऱ्याला असेल तर. सर डोजोमध्ये मध्येच ओरडायचे, "संकट!" आणि सगळी खोली एकदम डावा हात वर करून गर्जायची. एखाद्याचा हात वाकडा असला तर सर जवळ जाऊन तो सरळ करायचे. छतावर तारे लुकलुकत होते. दोरी ओढणं कमी झालं. धनेशनी सरांबरोबर फोटो काढून तो सूचना फलकावर लावला. त्या फोटोत सर हसत आहेत, पण मला तो फोटो दाखवताना ते हसले नव्हते.

त्या तुकडीत अपेक्षा नावाची एक मुलगी होती. चाकणच्या पलीकडच्या एका जुन्या गावातली पोर. तिच्या घरची जमीन कधीच गेली होती आणि तिथे आता कुणाचं तरी गोदाम उभं आहे. बारावी झालेली, हसरी, आणि सरांच्या मते तुकडीत सगळ्यांत सरळ हात तिचाच. सराव चालू असताना ते तिलाच पुढे उभं करायचे. "हात कसा पाहिजे? अपेक्षासारखा पाहिजे!"

लाईनवर गेल्यावर काही दिवसांतच अपेक्षाचा उजव्या हाताचा ग्लोव्ह सरकत्या सांगाड्यात अडकला. सांगाडा पुढे जात होता, हात ओढला जात होता. शेजारच्या कुलदीपला ती ओरडली तेव्हा कळलं. त्याने लाईन लीडरला हाक मारली, लीडर धावत आला, लाईन थांबली. तोपर्यंत उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली होती. तिला लगेच दवाखान्यात नेलं. उपचार नीट झाले, पण गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी समितीने कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. प्रशिक्षण विभागाचे म्हणून सोळुंके सर समितीत होतेच. प्लँट हेड उद्धवराव होते, धनेश होते, सेफ्टी ऑफिसर होते. पडद्यावर अपेक्षा दिसली. उजवा हात अडकलेला. डावा हात मोकळा. तो वर गेला. पिवळ्या दोरीच्या अगदी शेजारून वर गेला, दोरीपेक्षाही उंच गेला आणि बोटं जुळवून सरळ उभा राहिला. तिचे ओठ हलले. चित्रणाला आवाज नव्हता.

"बघा!" सेफ्टी ऑफिसर म्हणाले. "दोरी हाताला लागते आहे, तरी ओढत नाही! हात कशाला वर केलाय? कुणाला टाटा करते आहे?"

"घाबरली असेल," उद्धवराव म्हणाले.

"घाबरणंच तर चालत नाही ना, साहेब," धनेश म्हणाले. त्यांनी 'डोजो'चं नाव घेतलं नाही. ते सरांकडे बघतही नव्हते.

खोलीतल्या एकाच माणसाला ठाऊक होतं की ती कुणाला टाटा करत नव्हती. आवाज नसला तरी त्याला तिचे शब्द ऐकू येत होते, कारण ते त्यानेच लिहिले होते. आणि तो हात किती सरळ होता! सर मला नंतर म्हणाले, "राव, त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? शाबास. पोरीचा हात एक नंबर. हे माझ्या मनात आलं. मग मला माझीच किळस आली."

अहवालाचा मसुदा असा होता: दोरी हाताशी असूनही कामगाराने वापरली नाही, कारण निष्काळजीपणा. यावर समितीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या की अपेक्षाचं प्रशिक्षण संपुष्टात. तिच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द कायमचा लागणार आणि चाकणच्या कुठल्याही गेटवर तो तिच्या आधी पोचणार. "मला वाचायला वेळ पाहिजे," सर एवढंच म्हणाले. एका पानाच्या अहवालाला वाचायला किती वेळ लागतो, हे कुणी विचारलं नाही.

पुढचे काही दिवस आमची सोसायटी कमांडरविना चालली. रविवारी झोपाळ्यावर पोरांची हाणामारी झाली. सर गॅलरीतून बघत बसले. वर्षालीताई म्हणाल्या, "अहो, खाली पोरं एकमेकांचे केस उपटतायत आणि तुम्ही गप्प? ताप आहे का बघू." सरांना ताप नव्हता. ते सतत हात धूत होते. जेवायला बसले की डावा हात मांडीखाली घालत. वर्षालीताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना काही विचारू नका, आणि एकटंही सोडू नका." म्हणून मी त्यांच्यामागे स्कूटरवर बसलो आणि आम्ही अपेक्षाच्या घरी गेलो.

अपेक्षाची आई, सोजराबाई, दारातच उभ्या होत्या. सर वाटेत मला म्हणाले होते, "आईनं शिव्या द्याव्यात, राव. चांगल्या सणसणीत. मी ऐकून घेईन." सोजराबाईंनी त्यांना खुर्ची पुसून दिली.

"बसा की सर. पोरगी रोज तुमचंच नाव घेती. लोक म्हनत्यात चूक तिचीच हाय. आता आमी काय बोलनार? तुमी हाय म्हनून भरवसा हाय बगा."

सर खुर्चीच्या अगदी टोकाला बसले. आतून अपेक्षा आली. उजव्या हाताला बँडेज. आली आणि सर उठायच्या आत ताठ उभी राहिली.

"बस, बाळा."

ती बसली नाही. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगायला बळ लागत होतं. शेवटी म्हणाली, "सर, माझी एक चूक झाली."

"तुझी कसली चूक?"

"मी हात वर केला. परवानगी म्हणाले. पण मग दुखायला लागलं आणि मी आधीच ओरडले. कमांडर येईपर्यंत थांबले नाही." तिने बँडेजचा हात मागे लपवला. "मला काढतील का सर? मी रेवासारखं नव्हतं केलं. विचारलं होतं."

मी सरांकडे बघितलं नाही. बघायचं धैर्य झालं नाही. सोजराबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. "घ्या. साखर टाकलीया वरनं, तुमच्याकडं आवडती का न्हाई म्हाईत न्हाई." सरांनी ते पोहे खाल्ले. एकेक घास घेऊन शेवटचा दाणासुद्धा बशीत ठेवला नाही. पोहे खाण्याइतकी कठोर शिक्षा मी अजून पाहिलेली नाही. आणि ते काही न सांगता उठले. म्हणजे सांगायलाच गेले होते आणि न सांगता उठले. परतताना एका सिग्नलला ते म्हणाले, "शेवट म्या बदलला हे तिला सांगायला पायजे होतं. न्हाई जमलं."

समितीची बैठक पुन्हा भरली. धनेशनी पेन पुढे केलं. सर उठून उभे राहिले.

"साहेब, सही करतो. पण त्याआधी समितीनं एकदा लाईनवर यावं."

"आत्ता?" उद्धवराव म्हणाले.

"आत्ताच. लई वेळ न्हाई लागणार."

सगळे लाईनवर गेले. काम चालू होतं. सांगाडे पट्ट्यावरून एकामागून एक सरकत होते, दोन्ही बाजूंना रेवाचा नवा शेवट ऐकून आलेली सरांची पोरंपोरी, प्रत्येकाच्या डोक्याशी पिवळी दोरी. सरांनी पोट आत घेतलं, छाती पुढे काढली आणि त्या गोंगाटात कमांडरच्या आवाजात ओरडले, "संकट!"

या टोकापासून त्या टोकापर्यंत डावे हात वर गेले. बोटं जुळलेली. एकही हात वाकडा नाही. आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "कमांडर, परवानगी!"

पट्टा चालूच होता. सांगाडे हातांखालून, बोल्टाविना, पुढे सरकत राहिले. टोकाला जाऊन एकावर एक चढायला लागले. मोठा खडखडाट झाला. पोरं हात वर करून सरांकडे बघत होती. त्यांतल्या बऱ्याच जणांचा कोपर दोरीला लागून दोरी हलत होती. कुणीही ती ओढली नाही.

शेवटी सरांनी पुढे होऊन स्वतः ओढली. घंटा वाजली. लाईन थांबली.

"साहेब," ते उद्धवरावांना म्हणाले, "पोरगी टाटा करत न्हवती. हे शिकवलेलं हाय. म्या शिकवलंय. आधी दोरी ओढायची गोष्ट सांगत होतो, ती बदलून ही सांगितली. आता निष्काळजी लिहायचं असंल तर माझं नाव लिहा."

उद्धवराव बराच वेळ त्या उभ्या हातांकडे बघत राहिले. पोरांनी ते अजून खाली घेतले नव्हते, कारण कुणी सांगितलं नव्हतं. धनेश स्वतःच्या बुटांकडे बघत होते. शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डिसिप्लिन मात्र एक नंबर आहे हं." मग त्यांचे त्यांनाच आपले शब्द ऐकू आले असावेत, कारण त्यांनी घाईघाईने तोंड पुसलं. शेवट कुणाच्या सांगण्यावरून बदलला, हे सरांनी सांगितलं नाही. मी नंतर यावर त्यांच्याशी भांडलो. ते म्हणाले, "त्यानं सांगितलं हे खरं. पण लिहिलं कुणी?"

अहवालातून निष्काळजीपणा गेला आणि प्रशिक्षणातील त्रुटी आली. अपेक्षाची जागा राहिली. हात पूर्ण बरा होईपर्यंत तिला डोजोमध्ये हलकं काम द्यायचं ठरलं. आता सर शिक्षेची वाट बघायला लागले. बदली होईल, पगारवाढ थांबेल, निदान कुणीतरी खोलीत बोलावून झापेल. त्यांनी डोजोतलं कपाट आवरून ठेवलं, आपला कप घरी आणला. आणि एके सकाळी धनेश हसत हसत आले आणि त्यांच्या हातात प्रामाणिकपणाबद्दल कौतुकाचं पत्र ठेवून गेले. प्रशिक्षण सुधारण्याची जबाबदारीही त्यांनाच दिली होती.

असा हवालदिल माणूस मी पाहिलेला नाही. लोक कौतुकाच्या पत्राला चौकट करतात; सरांनी ते बुटांच्या रॅकमध्ये, खालच्या खणात, जुन्या चपलांखाली ठेवलं. वर्षालीताईंना झाडताना सापडलं. त्यांनी ते वाचलं आणि न बोलता परत तिथेच ठेवलं. नवरा-बायकोत एवढं एकमत त्यांच्या लग्नाच्या दिवशीही नसेल.

अपेक्षा डोजोमध्ये आली त्या दिवशी सरांनी तिला सगळं सांगितलं. रेवाचा पहिला शेवट, दुसरा शेवट, छत, तारे. काही राखलं नाही. ती बँडेज मांडीवर ठेवून ऐकत होती.

"म्हणजे पहिल्यांदा रेवाचंच बरोबर होतं?"

"व्हय."

"आणि ते बरोबर आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

मग तिने विचारलं, रागावून नाही, शाळेत शंका विचारतात तसं, "मग ते साहेब शेवट बदला म्हणाले तेव्हा तुम्ही का नाही दोरी ओढली?"

सरांनी माफी मागितली. तिने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, हे त्यांना कळलं नाही, आणि अजूनही कळलेलं नाही. मला ते आठवड्यातून एकदा तरी विचारतात, "तुम्हाला काय वाटतं राव, ती मान कसली होती?" मी म्हणतो, मी तिथे नव्हतो.

नवी तुकडी आली. सरांनी रेवाची पहिली गोष्ट सांगितली, अगदी कोरड्या आवाजात, टोपी न काढता. मग डोजोतल्या सरावाच्या छोट्या लाईनवर सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, "आता मी पट्ट्यावर काहीतरी चुकीचं सोडणार. ज्याला दिसेल त्यानं दोरी ओढायची. कुणाला विचारायचं न्हाई."

उलटा सांगाडा आला. सगळ्यांना दिसला. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

"माझ्याकडं बघू नका!"

सगळ्यांनी ताबडतोब नजरा वळवल्या. दोरी तशीच. सांगाडा पुढे निघून गेला.

"अरे, ओढा की!"

"ओढू ना सर?" मागून एक पोरगा म्हणाला. "नक्की?"

सरांना घाम फुटला. कपाळ पुसून त्यांनी पुन्हा सांगाडा सोडला, पुन्हा तेच. विचारू नका, असा हुकूम सोडला की पोरं तो हुकूमही विचारून पाळत होती. शेवटी कोपऱ्यातून अपेक्षा म्हणाली, "सर, तुम्ही बाहेर जा."

"मी?"

"तुम्ही असलात की ही पोरं विचारतच बसणार. तुमच्या आवाजाचीच सवय लागते."

सर बाहेर गेले. अपेक्षाने आतून दार लोटून घेतलं. जेवणाची सुट्टी झाली होती. डबे घेऊन जाणारी माणसं शिकवणाऱ्या सरांना त्यांच्याच वर्गाबाहेर उभं बघून थबकत होती. एक जण म्हणाला, "काय सर, अंगठे धरायला नाही सांगितले का?" सर हसले नाहीत. आतून काही ऐकू येईना. मग अपेक्षाचा आवाज आला, मग कुणीतरी हसलं, आणि मग घंटा वाजली.

थोड्या वेळाने पुन्हा वाजली. एकदा तर उगीचच वाजली असावी, कारण पाठोपाठ सगळी खोली हसली, पण कुणी कुणाला रागावल्याचं ऐकू आलं नाही. सरांना आत जाऊन बघायची फार इच्छा होती. दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. ते दारावर हात ठेवून उभे राहिले. तिने आत या म्हटलेलं नव्हतं.